पाचवीची एबीसीडी : आपल्या भागातल्या इंग्रजीची गोष्ट

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मला वाटले, शाळेच्या आठवणी लिहायच्या असतील. चिंचेचे झाड, मधल्या सुट्टीतली बोरे, स्नेहसंमेलनातली फजिती. त्या आठवणी इतरांनी माझ्याहून छान लिहिल्या असतील. मी एका विषयाचा इतिहास लिहायचे ठरवले. तो विषय म्हणजे इंग्रजी.

त्याला कारण घडले. दहावी, मार्च १९९६ च्या आपल्या तुकडीला आता तीस वर्षे झाली. या निमित्ताने शाळेला काय द्यायचे, यावर आपल्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालली. कुणी संगणक म्हणाले, कुणी वॉटर फिल्टर. पण दर तीन संदेशांत एक इंग्रजीचा होता. इंग्रजीची लॅब द्या, इंग्रजीचे क्लास लावा, स्पोकन इंग्लिशची पुस्तके द्या. शाळेत जाऊन आलेल्या एकाने आजच्या सरांचे म्हणणे सांगितले : "पुस्तकं भरपूर आहेत हो, पण लेकरांना शिकावंच वाटत नाही. नुसते पासापुरते पाहतात."

शिकावेसे वाटणे ही गोष्ट विकत घेऊन देता येत नाही. ती कुठून येते? आपल्या अर्धापूर-नांदेड भागात आधीच्या पिढ्यांनी परकी भाषा कशासाठी शिकली आणि आपण कशासाठी शिकलो, हे एकदा मांडून पाहावे असे वाटले. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी बाई आहे. चुकले तर गुरुजनांनी नेहमीसारखे लाल शाईने दुरुस्त करावे.

आजोबांची उर्दू

पुण्या-मुंबईकडे इंग्रजीचा इतिहास सांगताना 'वाघिणीचे दूध' हा शब्दप्रयोग हटकून येतो. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ साली छापलेल्या 'काव्यफुले' या संग्रहातही इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. तिकडे राज्य इंग्रजांचे होते. कचेरी, कोर्ट, कॉलेज इंग्रजीत होते. आपल्याकडे मात्र राज्य निजामाचे. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. तिथे १८८० च्या दशकात दरबारच्या फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे आपल्या पणजोबा-आजोबांसाठी 'मोठी भाषा' होती ती उर्दू.

१९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिथे गणित, विज्ञान, कायदा, वैद्यक सगळे उर्दूतून शिकवले जाई आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय असे. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो देशातला फार मोठा प्रयोग होता, हे मान्य करावेच लागते. पण संस्थानातल्या मराठी, तेलुगू आणि कानडी लेकरांना ती भाषाही परकीच होती. त्याच शहरातले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेले आणि इंग्रजी माध्यमाचे होते. म्हणजे वरच्या थरासाठी इंग्रजी, नोकरीसाठी उर्दू आणि घरासाठी मराठी, अशी उतरंड होती. मराठीतून शिकवणाऱ्या शाळा थोड्या होत्या आणि बऱ्याचशा लोकांच्या जिद्दीवर चालत. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते, ही आठवण आपल्या इतिहासाच्या सरांनी कितीदा तरी सांगितली आहे.

माझे आजोबा त्या काळात नांदेडला उर्दू शिकले. पुढे तहसीलसमोर बसून अर्ज लिहून देत. अर्जनवीस. दर अर्जाला ठरलेले पैसे. त्यांना उर्दूची गोडी कुणी लावली नव्हती. एक अर्ज चांगला लिहिला की पुढचे गिऱ्हाईक येते, एवढी प्रेरणा पुरेशी होती. पुढे मात्र त्यांना भाषा आवडू लागली. म्हातारपणीही ते शेर म्हणत आणि अर्थ विचारला की हसत.

१९३८ ची एक घटना इथे सांगायला हवी. वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. आतापर्यंत उर्दूतून शिकलेल्या मुलांना नागपुरात एकदम इंग्रजीतून शिकावे लागले. ती मुले शिकली. कारण परतीची वाट बंद होती आणि आपण इथे कशासाठी आलो आहोत, हे त्यांना पक्के माहीत होते.

भाषा बदलते तेव्हा

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. त्यानंतर काही वर्षांतच शाळांची भाषा बदलली. आपल्याकडच्या शाळा मराठी झाल्या. गंमत अशी, की याच काळात उस्मानिया विद्यापीठाने उर्दू सोडून इंग्रजी माध्यम घेतले. पुढे १९५८ साली देशभरातल्या शिक्षकांना इंग्रजी शिकवण्याचे शास्त्र शिकवणारी केंद्रीय संस्था निघाली, तीही हैदराबादलाच. आज तिचे इंग्रजी आणि परदेशी भाषांचे विद्यापीठ झाले आहे.

आपल्या बाजूला १९५० साल मोलाचे ठरले. त्या वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ज्यांच्या घरात पाटीसुद्धा नव्हती अशी मुले तिथे शेक्सपिअर वाचायला बसली. त्यांच्यासाठी इंग्रजी म्हणजे गावातल्या जुन्या उतरंडीतून बाहेर पडायची वाट होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्या राज्याचे इंग्रजीविषयीचे धोरण स्वातंत्र्यानंतर सावध झाले होते. बाळासाहेब खेरांच्या सरकारने खालच्या वर्गांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली होती. मातृभाषेत पाया पक्का व्हावा, हा विचार त्यामागे होता. १९५४ मध्ये तर इंग्रजी माध्यमाच्या शाळांत कुणाला प्रवेश द्यायचा यावर सरकारने निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. आज दारात पिवळी बस येते, तेव्हा हे वाद कुणाला आठवत नाहीत. पण इंग्रजी कधीपासून आणि कुणाला, हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीही इतकाच तापलेला होता.

माझ्या आजोबांची मात्र या बदलात पंचाईत झाली. कचेरीचे कागद हळूहळू मराठी झाले. ज्या भाषेवर घर चालले, तिला गिऱ्हाईक उरले नाही. त्यांनी अडत दुकानात हिशेब लिहायला सुरुवात केली. पाचवीत मी पहिल्यांदा इंग्रजीचे पुस्तक घरी आणले तेव्हा ते म्हणाले, "काय करू लाली माय? इंग्रजी? शीक. पण एक ध्यानात ठेव, जबान सरकारची असती. सरकार बदललं की जबान बदलती."

तेव्हा मला ते थट्टेचे वाटले. एका माणसाचे अर्धे आयुष्य त्या वाक्यात होते, हे फार उशिरा कळले. तरी त्यांची उर्दू अगदी वाया गेली नाही. जमिनीचे जुने उर्दू कागद वाचून घ्यायला शेवटपर्यंत लोक त्यांच्याकडे येत. वाटणीच्या भांडणात ते कागद नाकाजवळ धरून वाचत आणि दोन भाऊ श्वास रोखून ऐकत.

चार रेघी वही आणि निळा त्रिकोण

आता आपली गोष्ट. जून १९९०, इयत्ता पाचवी. चार रेघी वही, शाईचा पेन आणि बालभारतीचे कोरे पुस्तक. १९६७ साली पुण्यात बालभारती स्थापन झाली, तेव्हापासून राज्यभरातल्या मराठी शाळांतली मुले एकच पुस्तक वाचू लागली. त्या काळात वाक्यांचे साचे पुन्हा पुन्हा म्हणून घेण्याची संरचना पद्धत चालत असे. 'धिस इज अ पेन, दॅट इज अ डोअर' असे आपण साठ जण एका सुरात म्हणायचो. आवाज रस्त्यापर्यंत जाई. दाराकडे बोट करून 'दॅट इज अ डोअर' म्हणायची गरज आयुष्यात कुणाला पडली असेल, देव जाणे.

आठवीपासून खरी भीती सुरू झाली. स्पेलिंग चुकले की पट्टी. धडा आला की आधी मराठीत अर्थ, मग प्रश्नोत्तरे, मग पाठांतर. नवनीतचे गाईड आणि परीक्षेच्या तोंडावर '२१ अपेक्षित'. ज्याच्या घरी थोडे शिकलेले वडील होते, त्याच्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची. कपिल देवच्या फोटोचे रॅपिडेक्स एकाच्या मोठ्या भावाकडे होते. ते आपण सगळ्यांनी रांगेने नेले आणि कुणीच तीन पानांच्या पुढे गेले नाही. गायीवरचा निबंध पाठ होता. परीक्षेत म्हशीवर आला, तर आपल्यातल्या एका हुशार गड्याने गायीच्या जागी म्हैस घातली आणि शेवटी ती पांढरी शुभ्र असते असे लिहून आला. सर वर्गात वाचून दाखवताना स्वतःच इतके हसले की मारायचे विसरले.

या सगळ्यात नववीत एक गोष्ट वेगळी घडली. त्या वर्षीचे आपले इंग्रजीचे सर (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, पण सगळ्यांनी ओळखले असेल) एके सोमवारी म्हणाले, "उद्या पुस्तक आणू नका. घरात जिथं जिथं इंग्रजी छापलेलं आहे ते आणा. आणता येत नसेल तर उतरवून आणा."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाजार भरला. युरियाच्या पोत्याचा तुकडा, गोळ्यांची रिकामी पाकिटे, बॅटरीचे खोके, शिलाई मशीनचे माहितीपत्रक. कुणी मोटारीवरची पट्टी उतरवून आणली होती : एच.पी., आर.पी.एम., थ्री फेज. युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नायट्रोजन लिहिलेले असते, हे त्या दिवशी कळले. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी येऊन आपल्याकडे केळी पसरली होती. केळीबरोबर फवारणीची औषधे आली होती. म्हणून वर्गात सर्वांत जास्त होत्या त्या औषधांच्या धुतलेल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. त्यांवरचा रंगीत त्रिकोण सरांनी फळ्यावर काढला. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. त्याखालची बारीक अक्षरातली सूचना आपण शब्द शब्द लावून वाचली. हातमोजे घाला. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नका. अंगावर उडाले तर साबणाने धुवा.

माझ्या वडिलांनी उघड्या हाताने औषध कालवताना मी रोज पाहिले होते. त्या संध्याकाळी मी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताला पॉलिथिनची पिशवी बांधली. पाचवीपासून चार वर्षे शिकत असलेल्या भाषेचा तो माझ्या घरातला पहिला उपयोग होता. त्यानंतर इंग्रजीचा तास मला कधी लांब वाटला नाही.

मुंबईच्या साठ मुली

अलीकडे या विषयावर वाचताना एका जुन्या अभ्यासाची माहिती मिळाली आणि मला आपला वर्ग आठवला.

भाषा शिकण्यामागच्या प्रेरणेचा शास्त्रशुद्ध अभ्यास कॅनडात सुरू झाला. गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली माँट्रियलमधल्या, फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांचा अभ्यास केला. त्यांनी प्रेरणेचे दोन प्रकार सांगितले. एक, त्या भाषेच्या लोकांशी जवळीक वाटणे, त्यांच्यात मिसळावेसे वाटणे. दुसरा, नोकरी, परीक्षा, कामधंदा अशा उपयोगासाठी शिकणे. पहिली प्रेरणा अधिक बळकट, असा त्यांचा निष्कर्ष होता. माँट्रियलमध्ये ते खरेही असेल. तिथे फ्रेंच बोलणारा शेजारी खिडकीतून दिसतो.

पण आपल्या खिडकीतून कुठला इंग्रज दिसत होता? हाच प्रश्न यास्मिन लुकमानी यांनी मुंबईत तपासला. त्यांनी मराठी बोलणाऱ्या, पाश्चात्त्य वळण न लागलेल्या घरांतल्या साठ हायस्कूल विद्यार्थिनींचा अभ्यास केला आणि तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. या मुलींना इंग्रजी बोलणाऱ्यांसारखे व्हायचे नव्हते. त्यांची मुळे आपल्याच समाजात होती. त्यांना इंग्रजी हवी होती ती आपले स्वतःचे आयुष्य पुढे नेण्यासाठी. आणि ज्यांची ही उपयोगाची प्रेरणा जास्त, त्यांची इंग्रजीही जास्त चांगली, असे दिसून आले.

जगभरच्या अभ्यासकांनी नंतर हा मराठी मुलींचा दाखला वारंवार दिला आहे. मला त्यात आजोबांचा अर्ज, मिलिंद कॉलेजचा बाक आणि निळा त्रिकोण दिसला. उपयोगासाठी शिकणे ही काही कमी दर्जाची प्रेरणा नव्हे. मात्र तो उपयोग मुलाला स्वतःला दिसावा लागतो. 'पुढे नोकरीत कामी येईल' हे नववीतल्या लेकराला दिसत नाही. नोकरी दहा वर्षे लांब असते. बापाच्या हातावरचे औषध आज दिसते.

हंगेरीत जन्मलेल्या झोल्तान डॉर्न्यै या अभ्यासकाने २००५ साली यात आणखी एक गोष्ट मांडली. ही भाषा बोलणारा उद्याचा मी कसा असेन, याचे चित्र मुलाच्या डोळ्यांसमोर उभे राहिले, तर ते चित्रच त्याला ओढून नेते. आपल्या वेळी ते चित्र उभे करायला माणसेच नव्हती. इंग्रजी बोलणारी स्त्री मी पहिल्यांदा टीव्हीवर पाहिली. ती माझ्यासारखी मुळीच दिसत नव्हती.

एका मार्कशीटची गोष्ट

आता थोडे कठीण लिहायचे आहे. आपल्या तुकडीतली एक मैत्रीण गणितात माझ्या पुढे होती. भूमितीचा रायडर मी तिच्याकडून समजून घ्यायची. दहावीच्या निकालात तिला गणितात माझ्यापेक्षा जास्त गुण होते, आणि इंग्रजीत ती नापास होती. पासाला पस्तीस लागत. तिला तीसच्या आत होते. ऑक्टोबरला बसायचे ठरले, पण दिवाळीनंतर स्थळ आले आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न झाले. तिची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.

मी पास झाले आणि नांदेडला अकरावी सायन्सला गेले. एस.टी.चा पास काढून रोज जाणे-येणे. तिथे कळले, की पास होणे म्हणजे काहीच नव्हते. कालपर्यंत 'बल', 'त्वरण', 'विशिष्ट उष्मा' म्हणून जे पक्के येत होते, ते एका सकाळी फोर्स, ॲक्सिलरेशन, स्पेसिफिक हीट झाले. येणारी गोष्ट येईनाशी होते, तेव्हा माणूस स्वतःच्या डोक्यावरच शंका घेतो. मी वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने केले. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. दिवाळीपर्यंत चौदा पाने भरली. ती वही अजून माझ्याकडे आहे. आपल्यातली किती जणे त्या पहिल्या सहामाहीत सायन्स सोडून गेली, ते आपण जाणतो. विज्ञान कुणालाच अवघड गेले नव्हते.

पुढे इंजिनिअरिंग झाले, पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच वर्षी एका बैठकीत प्रोग्राममधली चूक कुठे आहे ते मला नेमके माहीत होते. वाक्य मनात तीनदा जुळवले. काळ बरोबर आहे का, आधी 'हॅज' की 'हॅड', याचा विचार करेपर्यंत दुसऱ्याने तेच सांगितले आणि शाबासकी घेतली. घरी येऊन रडले. मग ठरवले, चुकीच्या इंग्रजीत बोलायचे, पण आधी बोलायचे. दोन वर्षे लोक गालात हसले. नंतर हसायचे थांबले. आज मी ज्यांच्या मुलाखती घेते, त्यांत वाक्य मनात जुळवत बसलेली एखादी मुलगी लगेच ओळखू येते. मी तिला म्हणते, मराठीत सांग, चालेल. ती सुटल्यासारखी बोलू लागते आणि पाच मिनिटांत आपोआप इंग्रजीवर येते.

माझी मैत्रीण २०१५ साली पुन्हा दहावीला बसली. अंगणवाडी सेविकेसाठी दहावी पास लागत होती. त्याच वर्षी तिची लेकही दहावीला होती. मायलेकी एका दिव्याखाली अभ्यास करत. लेक आईला स्पेलिंग विचारी आणि आई लेकीला गणित शिकवी. ती इंग्रजीत ४१ गुणांनी पास झाली. अंगणवाडीची जागा तिला मिळाली नाही. पण आज ती बचत गटाची सचिव आहे, बँकेचे इंग्रजी फॉर्म गटातल्या बायकांना भरून देते. मी तिला विचारले, तेव्हा का आलं नाही आणि आता कसं आलं? ती म्हणाली, "तवा कशाला पाहिजे ते कुणी सांगितलंच नव्हतं की."

आज आणि उद्या

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यातल्या सर्व मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. मग सेमी इंग्रजी आली. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांची कीर्ती राज्यभर गेली. १९९९ मध्ये अर्धापूर तालुक्याचे गाव झाले आणि इथेही इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या. आपल्याला पाचवीत मिळालेली एबीसीडी आता पहिलीच्याही आधी मिळते. आणि तरी सर म्हणतात, लेकरांना शिकावे वाटत नाही.

मागच्या शंभर वर्षांकडे पाहिले, तर वय फार महत्त्वाचे ठरलेले दिसत नाही. अर्जनवीस आजोबा, नागपूरला गेलेले विद्यार्थी, मिलिंदची मुले, चाळिशीकडे झुकलेली माझी मैत्रीण, सगळ्यांना कारण सापडले आणि मग भाषा आली. म्हणून निधीबाबत माझे म्हणणे असे.

लॅब द्यावी, माझा वाटा मी देतेच. पण त्याबरोबर तीन गोष्टी बिनपैशाच्या कराव्यात. एक, सरांचा तो बाजार दरवर्षी भरवावा. आता पोत्याबरोबर मोबाईलवरचे संदेश, विम्याचा कागद, दवाखान्याचा रिपोर्टही आणता येईल. दोन, आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातून एक तास नववी-दहावीच्या वर्गाला द्यावा. आपल्यात केळी परराज्यात पाठवणारे आहेत, नर्स आहेत, ट्रकमालक आहेत, फौजी आहेत. आपल्या कामात इंग्रजी कुठे अडली आणि कशी निभावली, एवढेच सांगावे. भाषण नको, फजिती सांगावी. तीन, जे इंग्रजीत नापास होतील, त्यांचा फेरपरीक्षेचा फॉर्म आणि त्या महिन्यांची शिकवणी आपल्या निधीतून व्हावी, मुलींची आधी. एका विषयासाठी शिक्षण थांबलेली मुलगी आपल्या शाळेतून पुन्हा बाहेर पडू नये.

हा तिसरा मुद्दा माझा नाही, माझ्या मैत्रिणीचा आहे. मेळाव्याला ती येत आहे. तो ठराव तीच मांडणार आहे. गणितही तिनेच केले आहे : आपण बासष्ट जणांनी वर्षाला पाचशे रुपये दिले, तर एकतीस हजार होतात. हिशेबात मी तिच्याशी पूर्वीही वाद घातला नव्हता.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल, तर एक सांगायचे राहिले होते. वडिलांनी त्या दिवसानंतर कधीही उघड्या हाताने औषध कालवले नाही. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत. मेळाव्याला तुम्हाला भेटायला येणार आहेत.

— दहावी, १९९६ च्या तुकडीतील एक विद्यार्थिनी